शेजारी जाणारे ताट

नाताळ जवळ आला की आमच्या केडगावात आज्या करंज्यांना मुरड घालीत आणि मुले ओल्या मातीची गव्हाण रचीत. आज फराळ विकत येतो, गव्हाणही. वडीलधारी मंडळी खंतावतात. पण परंपरा बदलली म्हणजे ती भ्रष्ट झाली काय? 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आला, करंजी दिवाळीच्या ताटातून. १२२३ साली ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस असीसीकरांनी जिवंत बैल व गाढव आणून गव्हाण मांडली, तेव्हा ती रीतही नवीच होती. मात्र त्या नवेपणामुळे गोठ्यातला दरिद्री बाळ येशू गोरगरिबांच्या अधिक जवळ आला. बदलाची खरी कसोटी हीच. पूर्वी फराळाचे पहिले ताट शेजारी जात असे. करंजी कोणीही करो. ते ताट आजही आपला उंबरठा ओलांडते काय?