दहा वर्षांची नोंद

आडसाली उसाची लागण उरकली की बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात पहिली घाई असते ती कारखान्यात नोंद करण्याची. लागणीची तारीख आणि उसाची जात नोंदवहीत चढली की त्यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचा छत्रपती, नोंदीची तारीख इथला माणूस जिवापाड जपतो. तारीख मागे पडली तर तोड लांबते आणि उभ्या उसाचं वजन घटतं, हे त्यानं पाहिलेलं असतं.

याच मुलखातला डाळिंब बागायतदार किंवा भिगवणजवळच्या कुंभारगावचा होडीवाला वेबसाइट करायला जातो, तेव्हा तिच्या पत्त्याबद्दल, म्हणजे डोमेनबद्दल, त्याला हमखास ऐकायला मिळतं, “दादा, डोमेन एका वर्षाचं नको, दहा वर्षांचं घ्या. गूगल वर दाखवतं.” त्याला ते लगेच पटतं. नोंदीवरून नंबर लागतो, असाच इथला आजवरचा अनुभव. तो पैसे भरून मोकळा होतो. आज सकाळी एवढ्या एका गोष्टीचा विचार करू, कारण हे पैसे कष्टाचे असतात.

ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. गूगलनं २००३च्या अखेरीस एका पेटंटसाठी अर्ज केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला आणि २००८ साली पेटंट मंजूर झालं. त्यात एक निरीक्षण होतं : चांगल्या संकेतस्थळांचे मालक पुष्कळदा डोमेनचे पैसे काही वर्षांसाठी आगाऊ भरतात, तर फसवणुकीसाठी काढलेली डोमेनं वर्षभरापलीकडे क्वचितच वापरली जातात, म्हणून मुदत ही एक खूण धरता येईल. धरता येईल, एवढंच. पण विकणाऱ्यांनी त्याचं ‘धरतात’ करून टाकलं. त्या पेटंटवर ज्यांची नावं आहेत त्यांतले एक मॅट कट्स. त्यांनीच पुढे सांगितलं, की कोणत्याही शोधयंत्रानं क्रमवारीसाठी ही मुदत वापरत असल्याचं आपल्या माहितीत कधी मान्य केलेलं नाही. गूगलचेच जॉन म्यूलर यांनीही ही समजूत खोडून काढली. शिवाय प्रत्येक देशाची नोंदणी संस्था मुदत जाहीर करतेच असं नाही. जर्मनीची करत नाही. मग सगळ्यांना एका मापानं मोजणार कसं? आणि दहा वर्षांचे पैसे तर लबाडालाही भरता येतात.

कारखान्याच्या नोंदीनं तोड मिळते, पण साखरेचा उतारा उसातूनच यावा लागतो. शोधणाऱ्याचंही तसंच आहे. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला पुण्याहून निघणारा माणूस गूगलला विचारतो, ते कोणत्या महिन्यात येतात, होडी किती वाजता निघते, जेवणाची सोय आहे का. कुंभारगावच्या होडीवाल्यांना हे सगळं पाठ असतं. पाणी कुठवर उतरलं की पक्षी कोणत्या काठाला सरकतात, पट्टकादंबांचे थवे कुठे बसतात, हे त्यांच्याइतकं कोण सांगू शकेल? ते ज्ञान साध्या मराठीत, स्वतः काढलेल्या फोटोंसह, दर हंगामात ताजं करून पानावर आलं तर शोधणाऱ्याच्या हाती काही लागतं. पक्षी बघून गेलेल्यांनी आपापल्या लिखाणात त्या पानाचा दुवा दिला तर त्याचं वजन पडतं. गूगलच्या नकाशावर आपला व्यवसाय नोंदवायला तर पैसाही लागत नाही. दहा वर्षांसाठी काढून ठेवलेली रक्कम एखाद्या बऱ्या कॅमेऱ्याकडे वळली, तर मला फार बरं वाटेल.

तरीही लांब मुदत वाया जाते असं मी म्हणणार नाही. तिचा उपयोग निराळा आहे. डिसेंबर १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचं नूतनीकरण विसरली आणि ऐन नाताळात त्या नावावरून हॉटमेल या ईमेलसेवेत शिरणाऱ्यांची दारं बंद झाली. मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरनं पदरचे ३५ डॉलर भरले, तेव्हा ती उघडली. कापणीच्या गडबडीत, लग्नसराईत, आजारपणात असं विसरणं आपल्याकडे किती सोपं! डॉट कॉमची मुदत टळली तरी नाव लगेच हातचं जात नाही, पण ते सोडवून घ्यायच्या शेवटच्या ३० दिवसांत जबर दंड पडतो. त्यानंतर ते नाव कोणीही उचलतं. खोक्यावर, पावतीपुस्तकावर, कमानीवर छापलेला पत्ता मग परक्याच्या दारात नेतो.

म्हणून मुदत एक वर्षाची असो वा पाच, आज चहा झाल्यावर एक कागद काढून बघावा : डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे? बऱ्याच ठिकाणी तिथे वेबसाइट करून देणाऱ्याचंच नाव निघतं. त्याला आजच फोन करून ते आपल्या नावावर करून घ्यावं.