सुईची धास्ती

जुन्नर-आंबेगावात बिबट्याचा वावर असलेल्या उसाला रात्री पाणी द्यायला जाणारा शेतकरी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत सुई पाहून घामाघूम होतो. यात हसण्यासारखं काही नाही. बिबट्या समोर येईलच असं नाही. सुई मात्र येतेच!

पण लिडोकेन हे बधिरतेचं औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं, म्हणून तर आज दाढ न दुखता निघते. टोचणं क्षणाचं, ठणका लागतो तो बरेचदा औषध घाईने ढकलल्यावर. म्हणून आधीच सांगा, “डॉक्टर, मला सुईची भीती वाटते.” मग हिरडीला आधी बधिर करणारी जेल लावता येते, औषधही सावकाश सोडता येतं. हात वर केला की थांबायचं, हे ठरवून घ्या. श्वास संथ सोडा. हृदयविकार, अ‍ॅलर्जी असेल तर तेही लपवू नका.

दाढ ठणकतेय? मंचर, नारायणगाव, जवळ असेल तिथे आजच जा.