कोणती चीड सोडावी?

दारात कुणी वाट देत नाही, नळावर कुणी हंडा पुढे सरकवतो, शेजारचा भोंगा थांबत नाही. आपले डोके तापते. अक्कोसक भारद्वाजाने शिव्या दिल्या, तेव्हा तथागतांनी विचारले, पाहुण्याने न घेतलेले जेवण कुणाचे? यजमानाचेच. न स्वीकारलेली शिवीही देणाऱ्याकडेच राहते.

मग सारेच सोसावे काय? नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते समतेचा हक्क बजावण्यासाठी. कसोटी एकच : दुखावला तो माझा अहंकार की माणसाची माणुसकी? रांग मोडणाऱ्याला गोडीने सांगा. जातीवरून हंडा बाजूला सारला, तर मात्र गप्प राहू नका. तेव्हाही मनात द्वेष नको.

जय भीम!