पंगत आणि वाढपी

मंडळाचे कपाट आवरताना जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांमागे काही सीडी सापडल्या. वीसेक वर्षांपूर्वीच्या अंकांचा मजकूर त्यांत होता. त्या वाचता आल्या, याचा आनंद मात्र क्षणभरच टिकला. पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचे निरर्थक कडबोळे उमटले. मजकूर आमचा, कष्ट आमचे. पण ज्या फॉन्टमध्ये तो जुळवला होता त्याची किल्ली एका विक्रेत्यापाशी होती, आणि तो फॉन्ट आता कोणी पुरवीत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पणजोबांच्या वेळचे मोडी कागदही ट्रंकेत पडून आहेत, आणि तेही आपल्याला वाचता येत नाहीत. मग दोहोंत फरक तो काय? मोडीला कुलूप नाही, तिला केवळ शिकणारा हवा. चार महिने खपून कोणीही ती शिकू शकतो. २०१४ पासून तर युनिकोडमध्येही तिला स्थान मिळाले आहे. सीडीतील मजकुराला मात्र कुलूप होते. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे. ज्ञानाला कुलूप असावे काय, आणि कुलूप नसलेले ज्ञान घेताना आपण काय देणे लागतो?

या प्रश्नाशी आमची पहिली गाठ संगणकापुढे पडली नव्हती. ती पडली दूरचित्रवाणीपुढे. १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागे. जयंत नारळीकरांच्या कथांनी मराठी वाचक विज्ञानकथेला तोवर सरावला होता. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवल्या गेलेल्या त्या ७९ भागांतले पुठ्ठ्याचे खडक आणि लुकलुकणारे दिवे आज पाहताना हसू येते. तरीही जुन्या मालिकेची गोडी ओसरत नाही, कारण तिच्या यानावर निरनिराळ्या देशांची माणसे आणि एक परग्रहवासी एकाच कामाला जुंपलेले असतात. १९८७ साली सुरू झालेल्या तिच्या उत्तरमालिकेत तर माणसाने धनसंचयाचा हव्यासच सोडून दिलेला आहे. कप्तान भिंतीतल्या कोनाड्याला नुसते सांगतो आणि वाफाळता चहा पुढ्यात येतो. त्याचे पैसे कोणी मागत नाही.

तो चहा पाहून आम्ही भारावून जात असू. आज वाटते, ते भारावणे फार स्वस्त होते. पाहणाऱ्याला काहीच द्यावे लागत नव्हते. आदर्श समाजाचे कौतुक करणे सोपे. त्या समाजाचा एखादा तुकडा खरोखर दारात आला, तर आपण त्याच्याशी कसे वागतो, यावर त्या कौतुकाची परीक्षा होते.

असा तुकडा दारात आला तो मुक्तस्रोत संगणकप्रणालींच्या रूपाने. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली; १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहून जगापुढे ठेवला. १९८९च्या ग्नू परवान्याचा सारांश आपल्या भाषेत असा सांगता येईल : ही प्रणाली वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत, तर तिची मूळ संहिताही याच अटींवर द्या. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोहोंना एकच शब्द असल्याने तिकडे फार घोळ झाला. मराठीत शब्द दोन आहेत. घोळ मात्र आपणही करतोच.

येथे एक कबुली देणे भाग आहे. १९९०च्या दशकात विकतच्या प्रणाली आम्ही कोणाच्या तरी चकतीवरून उतरवून घेत असू, आणि त्यात काही वावगे आहे असे वाटत नसे. ज्याने आपला माल किंमत लावून विकायला ठेवला, त्याला तो हक्क आहे. त्याचेही घर चालले पाहिजे. प्रकाशक पुस्तकाचे मोल घेतो म्हणून त्याला कोणी लोभी ठरवीत नाही. तेव्हा कुलूप लावणारा तेवढ्यामुळे पापी ठरत नाही. कुलूप तोडणारे आम्ही मात्र उजळ माथ्याने बोलू शकत नाही. पुढे मुक्त प्रणाली आल्या आणि आमची चोरी थांबली, सवय मात्र सुटली नाही. तेव्हा न विचारता घेत होतो, आता विचारून घेतो. द्यावयाचा विचार दोन्ही वेळा मनात आला नाही.

याचे मोल कोणी तरी चुकवीतच असतो. ‘एक्सझेड’ ही माहिती दाबून लहान करणारी छोटी प्रणाली जगभरच्या असंख्य यंत्रांत वापरली जाते. तिचा सांभाळ वर्षानुवर्षे एक माणूस फावल्या वेळात, विनावेतन करीत होता. तो थकला. मदतीच्या मिषाने टोपणनावाने एक जण आला, दोनेक वर्षे काम करून त्याने विश्वास संपादला आणि गुपचूप चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्रात शिरताना अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. त्याने शोध घेतला आणि अनर्थ टळला. प्रणाली उघडी होती म्हणून त्याला तिचा माग काढता आला, हे खरे. पण सांभाळणारा एकटा पडला होता म्हणून चोर आत आला, हेही तितकेच खरे.

आपल्या शास्त्रकारांनी ऋषिऋणाची कल्पना मांडली. पूर्वसूरींकडून मिळालेले ज्ञान त्यांना परत करता येत नाही. ते शिकून पुढच्याला शिकवावे, हीच त्याची फेड. आपल्याला मात्र इतके लांब जावयास नको. जुन्या हुबळीतील सिद्धारूढ मठाच्या दासोहात पानावर बसणाऱ्याला जात, भाषा वा दाम कोणी विचारीत नाही. तेथे जेवणे हा कमीपणा नव्हे. पण जेवून उठलेल्यांपैकी कोणीच पुढच्या पंगतीला वाढायला उभे राहिले नाही, तर पंगती कितीशा चालतील? यानावरच्या चहाच्या कल्पनेत हीच उणीव होती. तेथे वाढपी कधी दिसलाच नाही.

आपल्याला संहिता लिहिता येत नाही, ही सबब पुरेशी नाही. आपल्या घरांत मराठी आणि कानडी दोन्ही नांदतात. मुक्त प्रणालींतील शब्दांचे भाषांतर तपासण्यास अशी माणसे हवीच असतात. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आपल्या गावाविषयी लिहिता येईल. दिसलेली चूक नीट कळवणे आणि वर्षाकाठी थोडी रक्कम पाठवणे, हेही वाढणेच आहे.

सीडींतील मजकूर आम्ही छापील अंकांवरून पुन्हा टंकलिखित करीत आहोत, युनिकोडमध्ये आणि मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये. काम संथ आहे. ज्यांना रोज अर्धा तास देता येईल, त्यांनी मंडळात जरूर यावे. मुद्रितशोधनाला डोळे कमी पडत आहेत.