भीतीचं उचंत खातं

लहान मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगाव्यात की सांगू नयेत, या प्रश्नावर मोठ्या माणसांत दोन तट आहेत. ज्यांना स्वतःला रात्री परसदारी जायची भीती वाटते ते म्हणतात, सांगू नयेत. ज्यांना तितकीच भीती वाटते पण कबूल करायची नसते ते म्हणतात, सांगाव्यात. मुलं धीट होतात. मुलांचं म्हणणं कोणी विचारत नाही. ती बिचारी पांघरूण नाकापर्यंत ओढून एवढंच म्हणतात, "मग?"

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तत्त्वज्ञान हा विषय बी.कॉम.ला नव्हता, त्यामुळे त्याबद्दल माझं मन अगदी कोरं आणि म्हणून शुद्ध आहे. पण गेली कित्येक वर्षं मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बँकेच्या काउंटरमागे बसलो आहे. आणि ज्या जिल्ह्यात वाघ गोष्टीतून उतरून नळावर पाणी प्यायला येऊ शकतो, तिथे हा प्रश्न पुण्यामुंबईइतका पुस्तकी राहत नाही.

पुण्याचं नाव काढलं ते उगीच नाही. माझी मेहुणी तिथे राहते आणि बालसंगोपनावरची पुस्तकं वाचते. मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे आली तेव्हा तिने जाहीर केलं, "भाऊजी, या घरात यापुढे राक्षस, चेटकीण आणि हडळ बंद. कोवळ्या मनावर ओरखडे उमटतात." मग तिने स्वतः मुलांना भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगायला घेतली, अर्थात सुधारून. तिच्या गोष्टीतला वाघ शाकाहारी होता. त्याने म्हातारीला अडवलं ते केवळ लेकीकडची खुशाली विचारायला, आणि शेवटी दोघांनी मिळून भोपळ्याची भाजी खाल्ली. आमच्या चिरंजीवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, हा वाघ बफरमधला की कोअरमधला?"

तिला हा प्रश्न कळला नाही. चंद्रपूरच्या कुठल्याही मुलाला कळेल. ताडोबा हे नावच मुळी एका गोष्टीतून आलं. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी दंतकथा आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा आमच्यातून वेगळा निघाला, पण जंगलाला वाटणीचा कागद कोणी दाखवला नाही, त्यामुळे वाघ दोन्हीकडे. वडसा आणि आसपासच्या भागांत मिळून तेरा माणसं मारणारा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला, तोवर तिन्हीसांजेला 'बागुलबुवा येईल' म्हणायची तिथल्या आयांना गरजच नव्हती. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. अशा ठिकाणी शाकाहारी वाघाची गोष्ट सांगणं म्हणजे पूर आलेल्या नदीकाठी होड्यांचे नुसते रंग शिकवण्यासारखं आहे.

तरी मेहुणीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलांना भीती घालून गप्प बसवणं हा आपल्याकडचा जुना धंदा. जेव, नाहीतर पोलीस येईल. झोप, नाहीतर बुवा येईल. ही गोष्ट नव्हे, ही वसुलीची नोटीस झाली. तिच्यात पुढे काही घडत नाही, बुवा कधी येत नाही आणि कधी जातही नाही. तो माडीवर कायमचा मुक्काम ठोकून बसतो, आणि मूल पन्नाशीचं झालं तरी माडीवर जाताना खाकरतं.

गोष्टीचं तसं नसतं. रत्नाकर मतकरींनी एका हाताने मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या आणि दुसऱ्या हाताने मुलांसाठी नाटकं. सुधा करमरकरांनी १९५९ साली त्यांचं 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणलं. पुढे त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली. २०१८ साली ते नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांनी केली. दोन्ही वेळा चांगल्या घरातला मिशीच्या वयाचा गृहस्थ झगा घालून किंचाळतो आणि थिएटरातली पोरं त्याच्याहून मोठ्यांदा किंचाळतात. पण किंचाळताना त्यांनी आईचा हात घट्ट धरलेला असतो, आणि पडदा पडल्यावर हीच पोरं म्हणतात, "पुन्हा बघू या." बुवाला कोणी पुन्हा बोलावलेलं माझ्या ऐकिवात नाही.

ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली एक जाडजूड पुस्तक लिहून हेच सांगितलं, की परीकथांतल्या भयंकर गोष्टी मुलाला त्याच्या मनातल्या भीतीशी झुंजायला उपयोगी पडतात. मला वाटतं, बँकेत नोकरी केली असती तर त्याला पुस्तकाऐवजी एका परिच्छेदात सांगता आलं असतं. कारण आमच्याकडे सस्पेन्स अकाउंट नावाची चीज आहे. जुने लोक त्याला उचंत खातं म्हणत. एखादी रक्कम आली, पण कोणाची, कशाबद्दल, ते कळत नाही. ती परतही करता येत नाही. मग ती तात्पुरती या खात्यात टाकायची. पुढे खुलासा मिळाला की उलटी नोंद करून खातं मोकळं करायचं. मूल जन्माला येतं तेच अशा रकमा घेऊन. अंधार कशाचा? आजोबा गेले ते कुठे? आई परत आली नाही तर? याचा खुलासा त्याच्याकडे नसतो, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडेही नसतो. गोष्ट म्हणजे ही रक्कम जमा करायची जागा. राक्षस येतो, भीती खात्यात पडते. राक्षस मरतो, उलटी नोंद होते. शिल्लक शून्य. मूल घोरायला लागतं.

आमच्या झाडीपट्टीत हे वेगळं शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. पोतं, चटई नि घोंगडी घेऊन अख्खी घरं मांडवात येतात, आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. मुलांसाठी तिथे वेगळा खेळ नाही. जे बापाने बघायचं तेच पोराने: खून, कारस्थान, छळ, स्फुंदून रडणं. पण रात्री तीनला ज्याचा मुडदा पडला तोच नट सकाळी कोणाच्यातरी ओसरीवर बशीत चहा ओतून पिताना दिसतो. पोरं भोवती उभी राहून त्याला बघतात. उलट्या नोंदीचा यापेक्षा चांगला धडा मी कॉमर्स कॉलेजात घेतलेला नाही.

कधीकधी नोंद उलटायला वेळ लागतो, एवढंच. राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाला १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने रात्री एक गोष्ट सांगितली. ती नारायण धारपांची होती. ती त्याच्या मनात ठाण मांडून बसली, आणि २०१८ मध्ये 'तुंबाड' नावाचा सिनेमा होऊन बाहेर पडली. पंचवीस वर्षं जुनी सस्पेन्स एंट्री! आमचा ऑडिटर भोवळ येऊन पडला असता.

पण या खात्याचा एक धोका प्रत्येक कारकुनाला ठाऊक असतो. खुलासा मिळत नाही, साहेब विचारत असतात, दिवस संपत आलेला असतो. अशा वेळी ती रक्कम कोणाच्यातरी नावावर टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. शक्यतो ज्याला वाचता येत नाही आणि जो तक्रार करणार नाही, अशाच्या नावावर. ग्रिम बंधूंनीसुद्धा हे केलं. त्यांच्या १८१२ च्या पुस्तकात हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडायला लावणारी त्यांची सख्खी आई होती. लोकांना ते सोसेना, म्हणून १८४० च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. पाप सावत्र आयांच्या खात्यावर पडलं, आणि त्या बापड्या आजतागायत व्याज भरताहेत.

आमच्याकडे याहून वाईट झालं. जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं. त्यांत म्हातारी माणसं होती. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाड्याला, जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जिवंत जाळलं. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ सालीच झालेला आहे. मेहुणी म्हणेल, बघा, हा भुताच्या गोष्टींचा परिणाम! मला तसं वाटत नाही. हे करणारे लोक चेटकिणीची गोष्ट ऐकून बिघडले नाहीत. त्यांना लहानपणी कोणीतरी गोष्ट म्हणून नव्हे, बातमी म्हणून सांगितलं असेल; शेवट न सांगता, पण घर दाखवून. दुखणं आलं, पोर दगावलं, खुलासा मिळाला नाही, आणि नोंद शेजारच्या म्हातारीच्या नावावर पडली. थिएटरातली चेटकीण टोप काढून घरी जाते. गावातल्या म्हातारीला काढायला टोप नसतो.

वाघाने माणूस मारला तर सरकार वारसांना पंचवीस लाख रुपये देतं. पैकी काही लगेच हाती येतात, बाकीचे मुदत ठेवीत जातात, आणि त्या ठेवीचा फॉर्म कधीकधी माझ्या टेबलावर येतो. असाच एकदा आला होता. मोहफुलं वेचायला गेलेला माणूस परतला नव्हता. बायको अंगठा देत होती आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा बाकावर बसून भिंतीकडे बघत होता. आमचा शिपाई मूलकडचा, गप्प बसणं त्याच्या अंगात नाही. त्याने पोराला चहा दिला आणि शेजारी बसून सुरुवात केली, "आमच्या गावच्या पिपरीवर एक भूत राहे. येनाऱ्या-जानाऱ्याले अडवे आन् म्हने, खर्रा दे."

माझं पेन थांबलं. ज्याच्या बापाला गेल्याच महिन्यात रानात वाघाने नेलं, त्याला हा बाबा भूत सांगतो आहे! मी तोंड उघडणार, तोच पोराने मान वळवली आणि म्हणाला, "मग?"

मग एका सायकलवाल्याने भुताला इतका चुना घातलेला खर्रा दिला, की भुताचं तोंड सोलून निघालं, आणि त्या दिवसापासून त्याने कोणाला अडवलं नाही. पोरगं हसलं. फार नाही, थोडंसंच. आईनेही अंगठ्याची शाई पुसता पुसता त्याच्याकडे पाहिलं. मी फॉर्मवर पालकाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. त्या पोराच्या खऱ्या भीतीची उलटी नोंद जगातल्या कुठल्याही लेजरात होणार नव्हती. निदान एका खोट्या भीतीचा शेवट त्याला बघायला मिळाला. भीतीला शेवट असू शकतो, एवढी तरी नोंद त्याच्याकडे राहील.

तेव्हा माझ्यापुरता प्रश्न सुटला आहे. भुतं सांगावीत, भरपूर सांगावीत. फक्त दोन नियम पाळावेत. एक, गोष्ट अर्धी टाकून झोपायला जाऊ नये. दिवसाचा हिशेब दिवसा मिटवावा. आणि दुसरा त्याहून महत्त्वाचा. दिवा मालवायच्या वेळी मूल हमखास विचारतं, "बाबा, ते भूत राहतं कुठे?" त्यावर उत्तर एकच द्यायचं: "गोष्टीत." गल्ली, घर आणि आडनाव सांगायचं नाही.