वाट नांगरली तेव्हा

गालील सरोवराच्या काठी इतकी गर्दी जमली की येशूला मचव्यात बसून बोलावं लागलं. पेरणाऱ्याचा दृष्टांत त्याने सांगितला तो तिथेच: काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. त्या गर्दीत एक शेतकरी आणि त्याचा मुलगाही होता, असं आपण धरून चालू.

घरी परतताना मुलगा म्हणाला, “बाबा, तो पेरणारा वेंधळाच म्हणायचा. वाटेवर, खडकावर कुणी बी फोकतं का?”

“आधी आपल्या रानात चल, मग बोल.”

रान उताराला होतं. मधून पायवाट गेलेली, वरच्या अंगाला वीतभर मातीखाली कातळ, ओढ्याकडे काटेरी झुडपं आणि उरलेली जमीन कसदार. म्हणजे दृष्टांतातल्या चारही जमिनी एकाच मालकाच्या, एकाच बांधाच्या आत.

बापाने वाटेवर टाच आपटली. “ही माती वाईट आहे का?”

“दगड झालाय नुसता.”

“तुझ्या आजोबांच्या वेळी इथे जव पिकायचं. मग लोक जवळची वाट म्हणून इथून जाऊ लागले, आपणही जाऊ लागलो. मातीत खोट नाही, पोरा. पायांनी घट्ट झालीय ती.”

दृष्टांतातलं बी म्हणजे देवाचं वचन. ते वर्षानुवर्षं ऐकूनही ज्याला काहीच लागत नाही, त्याचंही असंच होत असावं. तो मुळात कठोर नसतो. नको त्या गोष्टींची ये-जा त्याने कधी अडवलेली नसते, एवढंच.

पाऊस पडला, वाफसा आला. बापलेकांनी वाट बंद केली आणि नांगर घातला. शेजारी चार दिवस कुरकुरले. काटे गेल्या वर्षी मुलाने विळ्याने वरवर छाटले होते आणि ते पिकाच्या वर गेले होते. या वेळी मुळासकट खणून काढले. संसाराची चिंता आणि पैशाचा मोह यांना येशूने काटे म्हटलं, ते उगीच नाही. कातळापुढे मात्र दोघांचं काही चाललं नाही. गोटे वेचले, थोडी माती आणून टाकली.

मग पेरणी झाली. सगळ्यात आधी उगवलं ते त्या कातळावरच. मुलगा हरखला, बाप गप्प राहिला. ऊन तापलं तशी ती रोपं माना टाकून वाळली. नव्या भक्ताचा पहिला उत्साह पाहून त्याला लगेच संत ठरवू नये, हे बापाला ठाऊक असावं.

बाकीच्या रानात बरेच दिवस काहीच दिसेना. मुलगा रात्री कूस बदलत राही, बाप घोरत असे.

“बाबा, तुम्हाला झोप लागते तरी कशी?”

“नांगरणं माझ्या हातात होतं, ते केलं. मातीच्या आत काय चाललंय ते मला कळत नाही. मग जागून काय करू?”

पेरून निवांत झोपणाऱ्या अशा माणसाचा एक दृष्टांतही येशूने सांगितला आहे. तो फक्त मार्कच्या शुभवर्तमानात येतो.

वसंतात कापणी झाली. वाटेच्या जागीही पीक आलं, पण विरळ.

“एवढंच?” मुलगा हिरमुसला.

बापाने त्या पेंढ्या उचलल्या आणि बाकीच्यांबरोबर खळ्यावर टाकल्या.

चांगल्या जमिनीचं माप येशूने सांगितलं ते असं: कुठे 100 पट, कुठे 60 पट, कुठे 30 पट. 30 पट देणाऱ्या जमिनीलाही त्याने चांगली जमीनच म्हटलं आहे.