चितारलेले हरीण आणि पिंजऱ्यातील राघू

हाताने काढलेली चित्रे एकामागून एक भराभर दाखवून हालतेचालते हरीण उभे करावे, आणि त्याची कोंडी पाहून माणसाच्या डोळ्यांत पाणी यावे, तर ह्या पाण्याला दया म्हणावे की करमणूक? हा प्रश्न आम्हांस कर्जतकडील एका ठाकुरवाडीत कीर्तन आटोपल्यावर एका शाळकरी मुलाने केला. "बुवा, चित्रातलं हरीण तर खोटं. मग रडू खरं कसं?" प्रश्न लहान तोंडचा, पण शास्त्राचा आहे.

असा एक चित्रपट आपल्या मुंबईतच झाला आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागाने, डिस्ने यांच्या कारखान्यातून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली, १९५७ साली 'द बनियन डिअर' हा चित्रपट काढला. कथा जातकातील. काशीच्या राजासाठी हरणांचे दोन कळप बागेत कोंडले. रोज पाळीने एकाने मरावे असे ठरले. एके दिवशी गाभण हरणीची पाळी आली, तेव्हा दुसऱ्या कळपाचा राजा स्वतः तिच्या जागी मान ठेवून पडला. ते पाहून राजाचे मन पालटले आणि त्याने सर्व प्राण्यांना अभय दिले.

आता ही कला कशी असते पाहा. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी मिनिटाला ७२० चित्रे लागतात. हरीण दचकले तर कान आधी की पाय आधी, हे चिताऱ्याला पाहावे लागते. नुसते पाहून भागत नाही, घटकाभर हरीणच व्हावे लागते. पुन्हा पुन्हा तेच रूप हातून उतरता उतरता मन त्यात मुरते. नामस्मरण करणाऱ्यास हे निराळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. खऱ्या हरणाची कोंडी कॅमेऱ्याने टिपायची तर खरे हरीण कोंडावे लागेल. चित्रात मात्र कोणाच्याही गळ्यात दोर न बांधता दोराचे दुःख दाखवता येते. तेव्हा ते हरीण खोटे असणे हा दोष नसून त्या कलेची अहिंसा आहे.

मग रडू? क्रौंचाचे दुःख पाहून वाल्मीकींचा शोक श्लोक झाला. आपण तो क्रौंच कधी पाहिला नाही, तरी मन द्रवते. कारण द्रवणारे मन खरे असते. पण करुणरस आणि करुणा ह्यांत एक पायरी आहे. रस चाखून माणूस घरी जातो. करुणा त्याला घरी काहीतरी करायला लावते.

त्याची परीक्षा ओसरीवरच होते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील नळीवरचा पोपट आपण सर्वांनी ऐकला आहे. त्याला कोणी धरलेले नसते. त्याने पाय सोडले की तो मोकळाच. पिंजऱ्यातील राघूचे तसे नाही. त्याने काय सोडावे? त्याची कडी आपल्या हाती आहे. जीवाच्या बंधाचा दृष्टांत त्याच्याकडून घ्यायचा आणि त्याचा बंध तसाच ठेवायचा, हे न्यायाला धरून नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही देशी पोपट पाळण्यास मनाई आहे. फार दिवस कोंडलेले पाखरू एकदम उडवून देऊ नये. वनखात्याच्या स्वाधीन करावे.

कोणी म्हणेल, मग ठाकुरवाडीतला बैलही सोडावा काय? बैलाचे दावे धन्याच्याही गळ्यात असते. त्याचे वैरणपाणी, आजारपण धन्याने पाहायचे असते. ते ज्याने टाळले, त्याचा गोठाही पिंजराच. राघू मात्र केवळ आपल्या कौतुकासाठी कोंडलेला असतो.

नाथमहाराजांनी तहानेने तडफडणारे गाढव पाहिले. तेथे ते हळहळून थांबले नाहीत. रामेश्वरासाठी आणलेली कावड त्याच्या तोंडी रिकामी केली. चितारलेल्या हरणासाठी आलेले पाणी खरेच आहे, बाळा. फक्त ते डोळ्यांतच न आटता कोणाच्या तरी तोंडी लागले पाहिजे.

रामकृष्णहरि.